क्राउन-पिनियन बदलूनही मागचा आवाज परत येतो तेव्हा

डिफ्रन्शियलचे, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या पेटीचे, काम करून गाडी बाहेर पडते, काही दिवस शांत चालते आणि कापसाच्या चार भरत्या झाल्या की चालक पुन्हा दारात उभा राहतो : "मागून घुं घुं करूनच राहिली गाडी." हिंगणघाट, राळेगाव, पांढरकवडा, वणी या पट्ट्यात ही तक्रार दर हंगामात ऐकू येते आणि तिचे खापर बहुधा नव्या क्राउन-पिनियनच्या, म्हणजे पेटीतल्या मोठ्या गिअरच्या आणि त्याला फिरवणाऱ्या लहान गिअरच्या, दर्जावर फोडले जाते. सुटे भाग कमी दर्जाचे निघतात हे खरे आहे, परंतु चांगल्या कंपनीचा जोड बसवूनही दोन-तीन महिन्यांत तोच आवाज उठत असेल, तर दोष भागात नसून मापात आहे, असे धरून तपासणी सुरू करावी. पुढील विवेचन पिकअप, जीप आणि लहान मालवाहू गाड्यांच्या हायपॉइड प्रकारच्या (पिनियनची मध्यरेषा क्राउनच्या मध्यरेषेला न छेदणाऱ्या) मागच्या एक्सलपुरते आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलची रचना वेगळी असल्याने त्याचा विचार येथे केलेला नाही. आकडे जेथे दिले आहेत तेथे ते सर्वसाधारण आहेत आणि त्या-त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला आकडाच अंतिम मानावा.

पाना हातात घेण्याआधी आवाज कोणत्या स्थितीत येतो ते ऐकावे, कारण अर्धे निदान तेथेच होते. अॅक्सिलरेटर दाबलेला असताना आवाज येतो आणि पाय काढताच बदलतो किंवा थांबतो, तर दातांच्या ओढ घेणाऱ्या बाजूचा संपर्क चुकलेला आहे. परतवाड्याहून वर गेलेली गाडी चिखलदऱ्याचा घाट गिअरमध्ये उतरताना घुमते आणि सपाटीवर गप्प असते, तर उलट्या बाजूचा संपर्क किंवा पिनियनचा सैलपणा तपासावा. फक्त वळणावर कुरकुर होत असेल, तर क्राउनला हात लावण्याचे कारण नाही. आतले लहान गिअर, त्यांची पिन आणि वॉशर पाहावेत. सरळ रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुलवली असता आवाज कमी-जास्त झाला, तर संशय चाकाच्या बेअरिंगवर जातो, आणि डांबरी रस्ता संपून सिमेंटचा सुरू होताच आवाजाचा पोत बदलला तर तो टायरचा आहे. गाडी सुटताना एकच "ठक्" होत असेल, तर आधी प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंतच्या दांड्याचे) क्रॉस, मग पिनियनचा नट.

येथे मोबाईलचा चांगला उपयोग होतो. आवाजाची कंपनसंख्या दाखवणारी अॅप फुकट मिळतात. समजा, टायरचा चालता घेर 2.2 मीटर आहे, क्राउनचे दात 41 आणि पिनियनचे 10. ताशी 60 किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे 7.6 फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला सुमारे 310 वेळा दाताला दात भिडतो. अॅपमध्ये 310 च्या आसपास टोक दिसले आणि ताशी 30 ला ते बरोबर निम्म्यावर, 155 जवळ आले, तर आवाज दातांचाच आहे. टोक या हिशेबात बसत नसेल आणि आवाज सुराऐवजी घरघरीचा असेल, तर बेअरिंगकडे वळावे. पिनियनचे बेअरिंग चाकाच्या चौपट वेगाने फिरते, म्हणून त्याची घरघर चाकाच्या बेअरिंगपेक्षा बारीक आणि घाईची असते. कानाचा अनुभव मोठा असतो, परंतु ग्राहकाला समजावताना आकडा अधिक उपयोगी पडतो.

आता मूळ प्रश्न : बिघाड परत का येतो? आपल्याकडच्या बहुसंख्य प्रकरणांची साखळी क्राउनपासून सुरू होतच नाही, ती एक्सलच्या माथ्यावरच्या ब्रीदरपासून, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याच्या टोपीवाल्या वाटेपासून, सुरू होते. पांदणीतून गाडी गेली की काळी माती ब्रीदरवर बसते, तिच्यात जिनिंगच्या आवारात उडणारा कापसाचा तंतू मिसळतो, वरून तेलाचा ओलावा, आणि वाळल्यावर त्याचे असे बूच तयार होते की टोपी बोटाने हलत नाही. एक्सल तापला की आतली हवा फुगते, तिला वर वाट नसल्याने ती पिनियनच्या ऑईल सीलमधून तेल बाहेर ढकलते. तोच तापलेला एक्सल नाल्याच्या पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. सील गळते म्हणून कोणीतरी पिनियनचा नट उघडतो, नवे सील ठोकतो आणि पान्याला पाइप लावून नट "फिट्ट" आवळतो. खरा बिघाड या शेवटच्या क्रियेत होतो.

पुष्कळ गाड्यांच्या पिनियनवर दोन बेअरिंगांच्या मध्ये एक दबणारा स्पेसर असतो. तो एकदाच योग्य मापापर्यंत दबण्यासाठी बनवलेला असतो. नट पुन्हा पाइपने आवळला की तो आणखी दबतो, बेअरिंगांवरचा ताण, म्हणजे प्रीलोड, मर्यादेबाहेर जातो, बेअरिंग तापते, त्याचे रोलर आणि कप (बाहेरचे कडे) झिजतात, पिनियन डोलू लागतो आणि मग दातांचा संपर्क बिघडून आवाज सुरू होतो. उलट, नट सैल राहिला तर पिनियन सुरुवातीपासूनच पुढे-मागे सरकतो. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात : गॅरेजमध्ये क्राउन-पिनियन बदलले जाते, जुनी शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) तशीच बसते, ब्रीदर तसाच बुजलेला राहतो, आणि पुढच्या हंगामात सगळे पुन्हा. म्हणून गळतीच्या कामात ब्रीदर काढून, डिझेलमध्ये धुऊन, त्यातून फुंकून हवा जाते याची खात्री केल्याशिवाय सील बदलू नये. काही ठिकाणी ब्रीदरला रबरी नळी जोडून ती चेसिसवर उंच नेतात. नाले ओलांडणाऱ्या गाड्यांसाठी हा उपाय स्वस्त आणि उत्तम आहे.

केवळ सील बदलायचे असेल तर ते मापात करता येते. नट उघडण्याआधी नट, पिनियनचे टोक आणि फ्लँज (प्रोपेलर शाफ्ट जोडण्याची तबकडी) यांवर एका रेषेत पंचाची खूण करावी, नटाबाहेर किती आटे दिसतात ते मोजून ठेवावेत आणि फ्लँज फिरवायला किती जोर लागतो तो आकडा लिहावा. नवे सील बसल्यावर नट खुणेपर्यंत आणून, तेथून अगदी थोडा पुढे घेत जोर पहिल्या आकड्याइतका किंवा त्याहून किंचित, साधारण 0.3 ते 0.5 न्यूटन-मीटर जास्त भरेपर्यंतच आवळावा. पहिला जोरच फार कमी भरला, तर बेअरिंग आधीच गेलेले आहे आणि सील बदलून ते वाचणार नाही, हे गाडीमालकाला त्याच वेळी सांगावे.

पूर्ण काम करायचे असेल तर लागणारी साधने महागडी असतातच असे नाही. शंभरावा भाग मिलिमीटर दाखवणारा डायल गेज व त्याचा चुंबकी स्टँड, 0 ते 25 मिलिमीटरचा मायक्रोमीटर, नट आवळण्यासाठी मोठा टॉर्क रेंच, बेअरिंगखाली धरणारा पुलर, प्रेस आणि पितळी ड्रिफ्ट एवढे हवेच. व्हर्नियरवर शिम मोजणे मला पटत नाही. व्हर्नियर दाबून धरला तर पाच शतांश सहज इकडे-तिकडे होतात, आणि येथे सारा खेळच पाच-दहा शतांशांचा आहे. फ्लँज धरण्यासाठी जाड लोखंडी पट्टीला दोन भोके पाडून दांडा करावा. चाके किंवा गिअर अडकवून नट आवळण्याने दातांवर जोर येतो.

फिरवण्याचा जोर मोजायला लहान टॉर्क रेंच मिळाला तर चांगलेच. न मिळाल्यास स्प्रिंगचा काटा चालतो. फ्लँजभोवती दोरी गुंडाळून काट्याने सावकाश, एकसारखी ओढावी आणि फ्लँज फिरत असतानाचा आकडा वाचावा, सुटतानाचा नव्हे. फ्लँजची त्रिज्या 6 सेंटिमीटर आणि काटा 3.5 किलो दाखवत असेल, तर 21 किलो-सेंटिमीटर, म्हणजे जवळपास 2 न्यूटन-मीटर झाले. पिकअपच्या वर्गात नव्या बेअरिंगांना साधारण 1.7 ते 3.4 न्यूटन-मीटर आणि चाललेल्या बेअरिंगांना त्याच्या निम्म्याच्या आसपास जोर अपेक्षित असतो. काटा धान्याच्या दुकानातला असला तरी चालेल, मात्र ज्ञात वजन अडकवून त्याची खातरजमा आधी करावी.

आणखी एक साधन घरीच बनते आणि तेच सर्वांत उपयोगी ठरते. पिनियनच्या मोठ्या बेअरिंगचा त्याच नंबरचा जुना, पण रोलर शाबूत असलेला कोन (रोलरसह आतले कडे) घेऊन त्याचे आतले भोक एमरीने इतके घासावे की तो पिनियनवर हाताने सरकेल. शिम बदलून पाहण्यासाठी हाच कोन वापरला म्हणजे नवा कोन दर वेळी प्रेसवर दाबण्याची आणि पुलरने ओढून खराब करण्याची वेळ येत नाही. अंतिम शिम ठरली की मग नवा कोन बसवावा, तोही गरम तेलात 100 ते 120 अंशांपर्यंत तापवून. गॅसच्या ज्योतीने तापवलेले बेअरिंग पुढे टिकत नाही.

हाऊसिंग उघडल्यावर लगेच भाग सुटे करण्याचा मोह होतो. तो टाळावा. जुना जोड बसलेला असतानाच त्याचा बॅकलॅश (दातांमधला मोकळेपणा) मोजावा, संपर्काचा ठसा घ्यावा, क्राउनच्या मागच्या बाजूला डायल गेज लावून त्याचा डोल पाहावा. डोल 0.05 ते 0.08 मिलिमीटरच्या पुढे असेल, तर क्राउनच्या बसण्याच्या जागेवर कचरा, बर (धातूची उठलेली कड) अथवा डिफ्रन्शियलच्या केसची वाकलेली फ्लँज आहे आणि नवा क्राउनही तसाच डोलेल. बेअरिंगच्या कॅप डाव्या-उजव्या व वर-खाली कशा होत्या, त्याच्या खुणा पंचाने कराव्यात, कारण त्या जागेवरच बोअर केलेल्या असतात आणि अदलाबदल झाल्यास बेअरिंगचे घर गोल राहत नाही. निघालेली प्रत्येक शिम पुसून, तीन ठिकाणी मोजून, कोणत्या जागेची ते लिहून पाकिटात ठेवावी. वाकलेली, कडेला बर आलेली शिम पुन्हा वापरू नये. या अर्ध्या तासाच्या कामावर आळस केला की पुढे नवा जोड का ओरडतो, हे शोधायला आधारच उरत नाही.

क्राउन आणि पिनियन एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, म्हणून दोन्हींवरचा जोड क्रमांक एकच असला पाहिजे. पिनियनच्या तोंडावर बहुधा अधिक किंवा उणे चिन्हासह आणखी एक आकडा कोरलेला असतो आणि आपल्या भागातल्या कामांत सर्वांत दुर्लक्षित राहते ते हेच. मापाच्या मूळ अंतरापेक्षा हा पिनियन क्राउनच्या मध्यरेषेपासून किती दूर किंवा जवळ बसला पाहिजे, हे तो सांगतो. प्रचलित पद्धतीत अधिक म्हणजे दूर आणि उणे म्हणजे जवळ. आकडा शतांश मिलिमीटरमध्ये आहे की इंचाच्या हजाराव्या भागात, हे मॅन्युअलमधून पक्के करावे. पिनियनच्या डोक्यामागची शिम जाड केली की डोके क्राउनकडे सरकते. जुन्या पिनियनवर +5, नव्यावर −3 आणि जुनी शिम 1.42 मिलिमीटर असेल, तर फरक 8 शतांशांचा आणि नवा पिनियन तेवढा जवळ हवा, म्हणून शिम 1.50 मिलिमीटर. बेअरिंगही बदलत असाल, तर जुन्या व नव्या बेअरिंगची उंची सपाट पृष्ठभागावर डायल गेजखाली ताडून त्यातला फरक या हिशेबात धरावा. हा हिशेब केवळ सुरुवातीचा अंदाज आहे. जुना जोड मूळ कारखान्यातल्याच शिमवर असेल तेव्हा तो सहसा अचूक निघतो, मधल्या कोणी शिम बदललेली असेल तेव्हा मात्र त्याचा काहीच भरवसा नसतो. खोलीचे स्वतंत्र माप घेणारे साधन मोठ्या वर्कशॉपमध्ये असते. ते नसल्यास शेवटचा निर्णय ठशावर सोपवावा.

दबणाऱ्या स्पेसरचा नट आवळताना धीर लागतो. तो दबायला सुरुवात होण्यासाठी कित्येकदा 200 ते 400 न्यूटन-मीटर जोर द्यावा लागतो, आणि तोवर पिनियन मोकळाच फिरतो. मग प्ले, म्हणजे पिनियनचा सैलपणा, संपतो आणि त्यापुढे नटाच्या थोड्याशा फिरण्याने प्रीलोड झपाट्याने चढतो. म्हणून प्ले संपल्यानंतर नट थोडाथोडा फिरवून, पिनियन दोन्ही दिशांना काही फेऱ्या फिरवून बेअरिंग बसू देऊन, दर वेळी जोर मोजावा. मर्यादा ओलांडली तर नट सैल करून आकडा जुळवण्याचा प्रकार करू नये. स्पेसर दबलेला आहे, तो परत फुगत नाही, नवा घालावा. आणि दर कामाला नवा स्पेसर व नवा नट घ्यावाच. बाजारातल्या जोडासोबत तो येत नसेल तर वेगळा मागवावा, कारण त्याची किंमत एका बेअरिंगच्या तुलनेत क्षुल्लक असते.

यानंतर क्राउनची बाजू. क्राउनच्या दाताच्या बाहेरच्या टोकाजवळ, दाताच्या पृष्ठभागाला काटकोनात डायल गेजची सुई टेकवून, पिनियन पक्का धरून क्राउन मागे-पुढे हलवला की बॅकलॅश मिळतो. सुई तिरकी असेल तर आकडा खोटा येतो. चार ठिकाणी मोजावे. या वर्गात 0.13 ते 0.20 मिलिमीटर हा नेहमीचा पल्ला आहे आणि चार ठिकाणांतला फरक 0.07 च्या आत हवा. बॅकलॅश जितका बदलायचा त्याहून क्राउन थोडा जास्त सरकवावा लागतो. क्राउन 0.10 सरकला की बॅकलॅश सुमारे 0.07 ने बदलतो. समजा 0.31 आला आणि 0.17 हवा, तर 0.14 कमी करण्यासाठी क्राउन पिनियनकडे 0.20 सरकवावा. शिमची रचना असेल तर क्राउनच्या पाठीकडची शिम 0.20 ने वाढवून समोरची तेवढीच कमी करावी, म्हणजे बाजूच्या बेअरिंगांचा प्रीलोड बदलत नाही. नटांची रचना असेल तर एक नट जितके खाचे सैल, तितकेच खाचे दुसरा घट्ट.

ठसा घेण्यासाठी पिवळे किंवा निळे मार्किंग कंपाउंड मिळते. जुने कारागीर शेंदूर तेलात कालवून वापरत. तो शिशाचा असल्यास विषारी असतो, म्हणून हात न धुता जेवायला बसू नये. लेप पातळ आणि आठ-दहा दातांपुरताच लावावा, मग क्राउनवर लाकडी ठोकळ्याने थोडा दाब ठेवून पिनियन दोन्ही दिशांना फिरवावा. दाब न ठेवता घेतलेला ठसा फिकट येतो आणि त्यावरून काढलेला निष्कर्षही फिकटच असतो. दाताच्या उंचीतला ठसा आधी वाचावा, लांबीतला नंतर. दाताच्या फुगीर आणि खोलगट या दोन्ही बाजूंना ठसा माथ्याकडे गेला असेल, तर पिनियन दूर आहे, शिम वाढवावी. दोन्हीकडे तो मुळाकडे उतरला असेल, तर पिनियन फार आत आहे, शिम कमी करावी. उंचीत मध्यावर आल्यावर तो टाचेकडे, म्हणजे दाताच्या बाहेरच्या रुंद भागाकडे, झुकला असेल तर बॅकलॅश कमी करावा, आतल्या अरुंद भागाकडे झुकला असेल तर वाढवावा. सुरुवातीला शिम 0.05 ते 0.10 च्या मोठ्या टप्प्याने बदलावी, कारण 0.02 च्या बदलाने ठशात काही फरक दिसत नाही आणि दिवस मात्र सरतो. शिम बदलल्यावर बॅकलॅशही बदलतो, म्हणून दर वेळी तो पुन्हा पल्ल्यात आणल्यावरच नवा ठसा घ्यावा. चाललेल्या जुन्या जोडाचा ठसा आदर्श येईलच असे नाही. झिजलेल्या जोडाला त्याच्या जुन्या मापावरच परत बसवणे शहाणपणाचे, नव्या "आदर्श" जागी नेले की तो हमखास ओरडतो.

तेलाबाबत वाद घालण्यासारखे काही नाही. हायपॉइड दातांत घसरण मोठी असते, म्हणून जीएल-5 प्रतीचेच तेल हवे. गिअरबॉक्ससाठी आणलेले जीएल-4 उरले म्हणून मागे ओतू नये. कंपनीने 80डब्ल्यू-90 दाटपणाचे तेल सांगितले असेल आणि गाडी एप्रिल-मेच्या 45 अंशांत भरून धावणार असेल, तर कंपनीची परवानगी असल्यास 85डब्ल्यू-140 वापरता येते. पातळी सपाट जागेवर, भरण्याच्या बोल्टच्या खालच्या कडेपर्यंत. तेल उतरले की सर्वांत आधी उपाशी राहते ते पिनियनचे पुढचे बेअरिंग, कारण त्याच्यापर्यंत तेल क्राउनने उडवूनच पोहोचते. तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरलेले आहे, ते त्याच दिवशी बदलावे. नवा जोड बसवल्यावर पहिली 20 किलोमीटर हलकी चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी, पहिल्या 500 किलोमीटरपर्यंत अवजड भरती टाळावी आणि 1000 च्या आत तेल बदलावे. हंगामात गाडीमालक हे ऐकत नाहीत, म्हणून ते बिलावरच लिहून द्यावे. पहिल्या फेरीनंतर दूरून तापमान मोजणाऱ्या यंत्राने दोन्ही हब आणि पिनियनची मान पाहावी. मान इतर भागांपेक्षा उघडपणे जास्त तापत असेल, तर प्रीलोड जास्त झाला आहे आणि गाडी भरतीला जाण्याआधीच ती परत उघडणे स्वस्त पडते.

सर्व मापे पल्ल्यात असूनही त्याच गाडीत आवाज पुन्हा उठत असेल, तर तपासणी गिअरच्या बाहेर न्यावी. क्षमतेच्या दीडपट माल भरून खड्ड्यांतून चालवलेल्या गाड्यांची एक्सल हाऊसिंग वाकते. ती डोळ्यांना दिसत नाही, परंतु एक्सल शाफ्ट आत सरकवताना एका ठिकाणी अडतो, चाकाच्या सीलची एकच बाजू घासलेली दिसते, टायर आतून किंवा बाहेरून कुरतडल्यासारखे झिजतात. बेअरिंगच्या कपाचे घर सैल झाले असेल, तर कप हाताने फिरतो. तेथे पंचाने ठोके मारून किंवा चिकट द्रव लावून कप अडवणे हा काही आठवड्यांचा उपाय आहे, त्यावर नवा क्राउन बसवणे व्यर्थ. अशा वेळी हाऊसिंग नागपूर, अमरावती किंवा जवळच्या मोठ्या गावच्या भरवशाच्या लेथवर बोअर तपासायला पाठवावी, वाकलेली निघाल्यास बदलावी, आणि तोवर नव्या जोडाचे पाकीट फोडू नये.